तुसाची भट्टी

जंगलखात्याच्या नाक्यावर बंडी थांबवली तेव्हा केसरबाई लाकडांवर बसली होती आणि वारलू बैलांच्या पुढे कासरा धरून चालत होता. गार्ड नवा होता, पोरसवदा, इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेला. त्याने आरडाओरडा केला नाही. बंडीला एक चक्कर मारली, लाकडांना काठी लावून पाहिली आणि म्हणाला, "उतरवा."

"साहेब, आव्यासाठी जळतन हाय," वारलू म्हणाला. "आमी कुंभार. मडके भाजाले लागते. माह्या आज्यापासून याच रस्त्यानं आनतो."

"आज्याच्या वेळचं आज्यासोबत गेलं, बुवा. कायदा कडक झाला. आव्यासाठी वर्षाला दोन बंड्या वाळकं, तेही डेपोतून, पावती फाडून. ही तुमची दिवाळीपासूनची चौथी बंडी आहे."

ते खरंच होतं. वारलूने एकेक लाकूड स्वतःच उतरवलं. गार्डने ती नीट रचायला लावली, जाडी एकीकडे, बारीक एकीकडे. पन्नाशीचा माणूस, वाकून वाकून कंबर धरली. नाक्यावर चहा पिणारे दोघे बघत होते. शेवटी कागदावर अंगठा झाला. अंगठ्याची शाई वारलूने बैलाच्या पाठीला पुसली.

रिकामी बंडी खडखडत निघाली. केसरबाई मागे पाय सोडून बसली होती. नाका दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "पोरगं वाईट नोतं. शिव्या नाई देल्ल्या."

"शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं," वारलू म्हणाला. "त्याले काई बोलता तरी आलं असतं."

बोरटोला हे त्यांचं गाव कठाणी नदीच्या अंगाला, गडचिरोलीपासून दोन कोसांवर. घरात चौघं. वारलू, केसरबाई, मुलगा श्रीहरी आणि सून सुकरी. श्रीहरी दसऱ्यापासून गडचांदूरकडे गेला होता. तिकडे सिमेंटचे कारखाने उभे राहत होते, मजूर लागत होते. चाकावर त्याचा हात बसला होता, पण प्लास्टिकच्या बादल्या बाजारात आल्यापासून माठ-रांजणांचा खप उतरला होता. त्याचं पत्र आलं होतं. सुकरीनं वाचून दाखवलं, ती सातवी शिकलेली. खोली मिळाली आहे, संक्रांतीनंतर सुकरीला न्यायला येतो, तिलाही काम मिळेल, असं त्यात होतं. पत्र वाचताना सुकरीचा आवाज बदलला नाही. पण त्या दिवशी भाकरी करपली.

त्या साली पोळा झाला आणि आठवड्याभरात गडचिरोली जिल्हा झाला. बोरटोल्यात त्याचा अर्थ एवढाच निघाला, की आता कोर्टकचेरीला चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जायला नको. पण केसरबाई दर रविवारी डोक्यावर मडक्यांची जाळी घेऊन गडचिरोलीच्या बाजारात जात होती आणि तिच्या डोळ्यांदेखत ते गाव दर आठवड्याला निराळं होत होतं. आज एका कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरावर पाटी लागलेली, पुढच्या रविवारी शेजारच्या घरावर. जीपगाड्या आल्या. फायलींचे गठ्ठे ट्रकमधून उतरले. मागून साहेब आले, साहेबांमागून बाबू आणि बाबूंमागून त्यांच्या बायका, पितळी डबे आणि शिवणयंत्रं घेऊन. त्यांना राहायला जागा नव्हती. गोठ्याला चुना मारून त्यात बाबू राहत होते.

त्यातलीच एक इंदुताई. सातारकडची. तिचा नवरा नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. ती माठ घ्यायला यायची आणि माठापेक्षा बोलायला जास्त यायची.

"केसरबाई, हा गळणार नाही ना?"

"गळला तं वापस आना, बाई. माह्या मालकाच्या हातचा माठ गळत नाई. मानूस चिडचिड करते, पन माठ गळत नाई."

इंदुताई हसली. मग तिने नेहमीचं रडगाणं लावलं. घरमालकाने मागे दोन खोल्या काढायला घेतल्या, जोतं झालं आणि काम थांबलं. का, तर विटा नाहीत. "ट्रक येतो म्हणतात लांबून, निम्म्या विटा फुटलेल्या. आणि त्याही आधी सरकारी कामावर जातात. कुणालाही विचारा, विटा नाहीत, विटा नाहीत! इथं विटा कुणी करतच नाही का हो?"

केसरबाईने माठ गवतात गुंडाळला. "करते ना. जरा जरा करते. पन भाजाले लाकूड कुठून आनतील?"

त्या दिवशी तिची चार मडकी विकली गेली. पण परतताना तिने बाजारातली वाट सोडली आणि सगळ्या गावातून फिरून आली. नुसती जोती पाहिली. कमरेपर्यंत येऊन थांबलेल्या भिंती पाहिल्या. एकवीसपर्यंत तिने मोजल्या. मग बोटं कमी पडली, असं तिने सुकरीला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती धान भरडायला गडचिरोलीतल्या सोमाजीभाऊंच्या मिलवर गेली. मिलच्या मागे धानाच्या टरफलांचा, तुसाचा, डोंगर असायचा. जनावर ते खात नाही, शेतात टाकलं तर लवकर कुजत नाही. दहा वर्षांचा ढीग कवेलूच्या वर गेला होता. कुणीतरी त्यात बिडी टाकली होती आणि ढीग आतून जळत होता. ज्वाळा नाही, काही नाही. नुसता पांढरट धूर आणि भाजल्या भाताचा वास.

"केवा लागली?" तिने विचारलं.

सोमाजीभाऊ वैतागून बसले होते. "झाले पंधरा दिवस. पान्याच्या बंड्या ओतल्या. वरून इझते, अंदरून जळते. आन् समोर कोन येऊन राह्यला तं मोठा साहेब! त्याच्या खिडकीत धूर जाते. नोटीस आली मले. महिन्याभरात ढीग हटवा, नाई तं मिल बंद. जिल्हा झाला, जिल्हा झाला म्हनून मीच पेढे वाटले होते!"

केसरबाई ढिगाच्या कडेने फिरली. एका बाजूला तूस जळून काळी राख झाली होती आणि राख खाली बसली होती. तिने काठीने राख उकरली. खालची जमीन लाल होती. तिने पायाच्या अंगठ्याने एक ढेकूळ सोडवलं, गार होतं म्हणून उचललं आणि दगडावर आपटलं. ते फुटलं नाही. वाजलं.

जन्मभर तिने मडकं वाजवून विकलं होतं. कच्चा आवाज कोणता आणि पक्का कोणता हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती ढेकूळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग पदराच्या गाठीत बांधलं आणि सोमाजीभाऊंसमोर येऊन अगदी साध्या तोंडाने म्हणाली, "भाऊ, हे तूस मी नेलं तं?"

"तू?" सोमाजीभाऊ हसले. "काय करतं, रोटी करतं काय?"

"काई करीन. पन साफ करून देईन. जमीन दिसली पायजे तुमाले, इतकी साफ. मजूर लावले तं तुमाले किती पडन, पाहा. मले काई नका देऊ. फक्त बंडी भराले तुमचे दोन मानसं द्या."

"घेऊन जा बाई, घेऊन जा! तुह्या पाया पडतो."

"पाया नका पडू, भाऊ. साहेबाले लिवून द्या का दोन साल तूस बोरटोल्याची केसरबाईच नेईन. म्हंजे साहेबालेही भरोसा होईन का ढीग पुन्हा होत नाई."

सोमाजीभाऊंना ते पटलं. नोटिशीच्या उत्तरात तसं लिहिलं गेलं आणि त्याची एक नक्कल केसरबाईने मागून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. पण कागद काय असतो, ते तिने नाक्यावर पाहिलं होतं.

घरी वारलूने ढेकूळ पाहिलं, वाजवलं, नखाने ओरबाडून पाहिलं आणि खाली ठेवलं. "भाजलं हाय."

"तेच तं सांगून राह्यली!"

"भाजलं म्हनून काय झालं? मी वीट पाडनार नाई. माह्या बापानं चाक फिरवलं. वीट कोनी पाडते, ज्याले काई येत नाई तो. चौकोन! साच्यात माती कोंबली का झालं. गाढवही पाडन."

"गाढवाले सांगतलं असतं," केसरबाई म्हणाली, "पन घरात गाढव नाई. म्हनून तुमाले सांगतलं."

सुकरी चुलीकडे तोंड करून हसली. वारलूला ते दिसलं. तो भाकर अर्धी टाकून उठला आणि बाहेर बाजेवर जाऊन बसला. थोड्या वेळाने सुकरी पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

"मामाजी, आमी दोघी पाडतो विटा. तुमी नका येऊ."

"तुले गडचांदूरले जायाचं हाय ना?"

सुकरीने तांब्या बाजेखाली ठेवला. "तिकडं लोकाच्या मातीत काम करा. इकडं घरची माती हाय." आणि लगेच आत गेली, आपण जास्त बोललो असं वाटून.

दुसऱ्या दिवसापासून बंडी सुरू झाली. जळता भाग आधी फावड्याने वेगळा करून विझवायचा, मग न जळलेलं भरायचं. तूस हलकं, बंडीवर तट्टे लावून डोंगर भरायचा, तरी बैलांना ओझं वाटत नव्हतं. अंगाला मात्र खाज सुटायची. मानेवर, कोपरात, पापण्यांत तूस. शेजारची सोमारी कामाला आली. तिघी संध्याकाळी नदीवर जायच्या आणि एकमेकींच्या पाठी घासायच्या, म्हशी घासाव्यात तशा. नाक्यावर तोच गार्ड होता. त्याने बंडीत काठी खुपसली. काठी आत गेली आणि तूस त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

"हे काय?"

"तूस हाय, साहेब. जंगलात उगत नाई."

गार्डने नियम आठवून पाहिला. तुसाबद्दल त्याला काहीच आठवेना. "जा," तो म्हणाला आणि शर्ट झटकत राहिला. केसरबाईने पुढच्या वळणापर्यंत हसू दाबलं. मग इतकी हसली की बैल बिचकले.

नदीकाठच्या त्यांच्या दीड एकराच्या तुकड्यात त्यांनी खड्डा घेतला. माती भिजवली. सुकरी आणि सोमारी मातीत उतरल्या. पौषातली थंडी, पहाटेचं पाणी. पिंढऱ्या निळ्या पडायच्या. माती तुडवताना सोमारी गोंडी गाणं म्हणायची आणि सुकरी तिच्या ठेक्यावर पाय टाकायची. केसरबाई साच्यात माती भरून पाटावर, चोपून सपाट केलेल्या जागेवर, विटा पाडत होती. पहिल्या दिवशीच्या विटा वाकड्या आल्या. दुसऱ्या दिवशी उन्हाने तडकल्या. वारलू शंभर पावलांवर चाकावर बसला होता. मडकी करत होता आणि बघत नव्हता. बघत नसताना त्याला सगळं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी तो चाक थांबवून उठला. धोतर खोचलं आणि खड्ड्यात उतरला. मूठभर माती घेतली, बोटांत चोळली, जिभेला लावली.

"रेती कमी हाय. तडकनार नाई तं काय! आन् हे तुडवनं होय काय? नाचून राह्यल्या नुसत्या. टाच मारा, टाच. सुकरे, थोडं तूस आन बारीक चाळून. मातीत टाक."

"गाढवाचं काम हाय ना जी?" केसरबाई पाटावरून म्हणाली.

"गाढवालेही नीट करता आलं पायजे," वारलू म्हणाला.

आठवड्याभराने तलाठी आला. माती खोदायला परवाना लागतो, सरकारात स्वामित्वधन भरावं लागतं, म्हणाला. वारलूच्या चेहऱ्यावर नाका परत आला. केसरबाईने तलाठ्याला गूळपाणी दिलं आणि रविवारी इंदुताईला गाठलं. इंदुताईचा नवरा नेमका माती-मुरमाच्याच टेबलावर बसत होता. त्याने पुस्तक काढून पाहिलं. पिढीजात कुंभार स्वतःच्या हाताने विटा-कवेलू पाडत असेल तर त्याला ठरावीक मातीपर्यंत माफी होती. नवीन नव्हतं, आधीपासून होतं. बोरटोल्यात कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

"आमी कुंभार हाव म्हनून माफी?" वारलूने दोनदा विचारलं. "कागदात तसं लिवलं हाय?"

"असं लिवलं हाय. कुंभार," केसरबाई म्हणाली.

त्या दिवशी तो नदीवर अंघोळीला जाताना रस्त्याच्या मधून चालला.

माघात आठ हजार विटा सुकल्या. त्यांनी भट्टी रचली. खाली हातभर तूस, वर विटांचा थर, मध्ये तूस ठासून भरलेलं, पुन्हा थर. बाहेरून माती लिंपली. तोंडाशी शेण्या पेटवून दिल्या. पांढरा धूर निघाला. अख्खं गाव बघून गेलं. लच्छू म्हणून सोमारीचा नवरा होता, त्याने सांगितलं की तुसावर तर अंडंही उकडत नाही. बाराव्या दिवशी भट्टी थंड पडली. तेराव्या दिवशी उघडली.

बाहेरच्या विटा लाल होत्या. दोन थर आत हात घातला की पिवळट. त्याच्या आत तर नुसती माती, आणि तूस होतं तसंच, जळलंच नव्हतं. केसरबाईने एक वीट उचलली आणि ती हातातच दोन झाली. आठ हजारांतल्या जेमतेम हजार कामाच्या. महिन्याभराचं तुडवणं, वाकणं, पाटावर सरकणं, सगळं पिवळं पडून समोर होतं.

लच्छूने घसा खाकरला. सोमारीने त्याला कोपर मारलं.

केसरबाई पडक्या विटांवर बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त हातातला तुकडा कुस्करत होती आणि माती बोटांतून गळत होती. वारलू आता बोलणार, असं सुकरीला वाटलं. बोलायचा हक्कही होता त्याचा. तो भट्टीभोवती फिरला, आत डोकं घातलं, हुंगलं. न जळलेलं तूस मुठीत घेऊन फुंकलं.

"दम कोंडला," तो म्हणाला.

"काय?"

"हिचा दम कोंडला. तू ठासून ठासून भरलं. आगीले वारा लागते ना! आव्यात मडके असते, मडक्याच्या पोटात वारा असते. इथी विटाच्या पोटात काय हाय? माती." त्याने मूठ झटकली. "उठ. बसून काय करतं?"

तो चाकाकडे गेला. त्या दिवशी त्याने जे घडवलं तसं बोरटोल्यात कुणी पाहिलं नव्हतं. मडकी होती, पण बुडाशिवाय. वर तोंड, खाली तोंड, पोटाला बोटाने पाडलेली भोकं. एकावर एक ठेवली की मांडीएवढा जाड नळ उभा राहत होता. चाक फिरत होतं, वारलूची जीभ दातांत धरलेली होती आणि कपाळावरचा घाम नाकावरून टपटपत होता. साठ नग झाले. ते त्याने वर्षाच्या हक्काच्या दोन बंड्या वाळक्या लाकडांवर आव्यात भाजून घेतले, डेपोची पावती फाडून.

तोवर बायकांनी पुन्हा विटा पाडून सुकवल्या होत्या. दुसरी भट्टी त्याने रचली. कुणाला हात लावू दिला नाही. फक्त केसरबाई विटा देत होती. आठ ठिकाणी नळे उभे केले. तूस ठासलं नाही, हाताने भुरभुरलं, बियाणं फेकावं तसं. शेण्या पेटवल्या. थोड्या वेळाने आठही नळांच्या तोंडातून धूर आला आणि भट्टी श्वास घ्यायला लागली. कान लावला की आत घरघर ऐकू येत होती.

"जित्ती झाली," वारलू म्हणाला.

होळीच्या आधी श्रीहरी आला, हातात पत्र्याची नवी पेटी, सुकरीला न्यायला. पेटी ओसरीवर ठेवून तो शेतावर आला तेव्हा भट्टी उघडायची तयारी चालली होती. सुकरीने त्याच्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परत लिंपण खरवडायला लागली. घरच्या कुणाला त्याच्याशी बोलायला वेळच नव्हता. तो थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानेही शर्ट काढला.

लिंपण पडलं. पहिला थर लाल. दुसरा लाल. तिसरा. हात भाजत होते तरी वारलू उपसत होता. मधोमध, जिथे मागच्या वेळी माती होती, तिथली वीट त्याने काढली. आरपार लाल, कडेला थोडी सावळी झाक. दुसरी काढली. दोन विटा एकमेकींवर आपटल्या.

टण्ण!

असा आवाज झाला की नदीपलीकडचे बगळे उडाले, असं सोमारी पुढे कित्येक दिवस सांगत होती. बगळे आपणच उडायच्या बेतात असतील. पण आवाज झाला खरा. केसरबाईने दोन विटा घेऊन वाजवल्या. सुकरीने वाजवल्या. मग लच्छूने, सोमारीने, बघायला आलेल्या बायकांनी. भर उन्हात सगळी माणसं विटा वाजवत होती, जणू लग्नाची वरात. श्रीहरी वीट हातात धरून म्हणाला, "बाबा, तिकडं कारखान्यात एवढाले मोठे भट्टे हाय. हे नळे कोन सांगतले तुमाले?"

"तुह्या मायचा दम कोंडला होता," वारलू म्हणाला, "तवा सुचलं."

तिसऱ्या दिवशी सरकारी क्वार्टर्सच्या कामावरचा ओव्हरसिअर सायकलवर आला. इंदुताईच्या घरमालकाकडे त्याने या विटा पाहिल्या होत्या. त्याने वीट खांद्याएवढ्या उंचीवरून टाकली. फुटली नाही. बादलीत बुडवली, काढली, तोलली. टोपी मागे सारून विचारलं, "पावसाळ्याआधी किती देता येतील?"

वारलूने केसरबाईकडे पाहिलं. केसरबाईने सुकरीकडे. सुकरी मनात भट्ट्या मांडत होती. "दोन भट्ट्या एकावेळी लावल्या तं चाळीस हजार," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मानूस एक जास्त पायजे."

श्रीहरी पेटी घरात नेऊन ठेवून आला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. चैत्रात सोमाजीभाऊ स्वतः आले. बाजेवर बसले, पाणी प्याले, भट्टीकडे बघून म्हणाले, "केसरबाई, तूस म्हंजे फुकटची चीज नाई राह्यली आता. मले एक भट्टीवाला भाव देऊन राह्यला."

"तो देईनच, भाऊ. चांगली चीज हाय." तिने आतून नक्कल आणली. सुकरीने ती वाचून दाखवली, सही आणि तारखेसकट. सोमाजीभाऊंचा चेहरा आधी लांबला. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते मोठ्याने हसले.

"रोटी करतं काय म्हनलं होतं मी तुले!"

"त्याचीच केली, भाऊ," केसरबाई म्हणाली. "दोन साल माहे. मंग भावानं घेईन, दुसऱ्याले देऊ नका. आन् तोपर्यंत तुमाले मिलच्या मागं गोदाम बांधाचं असंन तं सांगा. जागा आता साफ हाय. विटा माह्या."

जाताना सोमाजीभाऊंनी पाच हजार विटा सांगून टाकल्या.

तोवर केसरबाई धानोरा रस्त्यावरच्या दोन मिलांवर जाऊन आली होती. तिकडेही नोटिशी यायच्या होत्या. तिला तेवढं कळत होतं. जिथे साहेबाचा बंगला येतो तिथे धुराची नोटीस मागून येते.

चैत्र संपता संपता पाटावर तिसऱ्या फेरीच्या विटा पडत होत्या. वारलूने नवा साचा केला होता, सागाच्या जुन्या चौकटीचा. त्याच्या बुडाला एक फळी ठोकली होती. तिच्यामुळे विटेच्या पोटात खोलगट खाच उमटत होती. केसरबाईने पहिली वीट पालथी पडलेली पाहिली आणि वाकली.

"हे काय करून ठेवलं जी? वीट पोकळ होईन."

"खाच लागते. ओव्हरसिअर सांगत होता. त्यात सिमिट धरून बसते."

"मंग नुसती खाच करा ना. हे मधात वाकडंतिकडं काय कोरलं?"

वारलूला एकाएकी बैलांना पाणी पाजायचं आठवलं. तो उठून गेला. सुकरी मातीच्या हातांनी तोंड झाकून हसत होती.

"काय वो? काय हाय?"

"अक्षर हाय, आत्याबाई."

"कोन्तं?"

"के. केसरबाईचा के. मामाजीनं माह्याकडून पाटीवर काढून घेतलं आन् आठ दिवस कोरत बसले. तीन फळ्या खराब केल्या."

केसरबाई उभी राहिली. समोर पाट पसरला होता. ओल्या विटांच्या रांगा, एकामागे एक, थेट नदीच्या काठापर्यंत. सकाळपासून हजारभर तरी पडल्या असतील. तिला अक्षर येत नव्हतं, पण आता ते सगळीकडे दिसायला लागलं. पहिल्या विटेत होतं, दुसरीत होतं, पार शेवटच्या रांगेत होतं.

वारलू बैलांकडून हळूच परत आला. बघत नाही असं दाखवत.

"भिंतीत गेल्यावर कोनाले दिसनार हाय हे?" तिने विचारलं.

"नाई दिसनार."

"मंग?"

"मंग काई नाई," वारलू म्हणाला. "कलेक्टर हापिसाच्या भिंतीतही जाईन ते."

ऊन चढत होतं. केसरबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पाटाच्या कडेला बसली आणि एका ओल्या विटेतल्या अक्षरावरून बोट फिरवलं. वरून खाली, मग वळण, मग डोक्यावरची ती तिरपी मात्रा. शेजारच्या विटेवर फिरवलं. चौथ्या विटेपर्यंत तिचं बोट न अडखळता फिरायला लागलं.

मग ती उठली, उंबराखालची, साच्याला लावायच्या वाळूची परात घेतली आणि मोकळ्या वाळूत, कुणाला न विचारता, तेच अक्षर स्वतःच्या बोटाने काढलं. जरा मोठं आलं. मात्रा लांब गेली.

"बरोबर हाय काय वो, सुकरे?"

सुकरी वाकून बघत होती. श्रीहरी फावडं टेकून बघत होता. वारलू तर परातीवर ओणवा झाला होता, माठाला तडा आहे का बघावं तसा.

"बरोबर हाय," तोच आधी म्हणाला.